नाहीसा होऊन परतलेला कोरोना

सक्रिय दीर्घिकांमधून, म्हणजे ज्यांच्या केंद्रातील कृष्णविवर भोवतालचा वायू गिळत असते अशा दीर्घिकांमधून, येणारे क्ष-किरण कमीजास्त होत राहतात, यात नवल नाही. केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीतून दृश्य व अतिनील प्रकाश निघतो, आणि तिच्यालगतचा अतितप्त, विरळ वायू, ज्याला कोरोना म्हणतात, त्यातील काही प्रकाशाला क्ष-किरणांच्या ऊर्जेपर्यंत पोहोचवतो. जवळपास प्रत्येक सक्रिय दीर्घिकेत हा कोरोना आढळतो. सुमारे २७ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या १ईएस १९२७+६५४ या दीर्घिकेत मात्र तो चक्क नाहीसा झाला.

२०१७ च्या अखेरीस ही दीर्घिका दृश्य प्रकाशात उजळू लागली. त्यानंतर तिचे उच्च ऊर्जेचे क्ष-किरण लोपले आणि उरले ते केवळ मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, आणि औष्णिक, म्हणजे तप्त वायूच्या उष्णतेतून निघणाऱ्या स्वरूपाचे. पुढच्या सुमारे साडेचारशे दिवसांच्या निरीक्षणांत तिची क्ष-किरण तेजस्विता शंभरेक दिवसांत दहा हजार पटींपर्यंत, तर कधी अवघ्या आठ तासांत शंभर पटींपर्यंत बदलताना दिसली. सुमारे तीनशे दिवसांनंतर कोरोना पुन्हा उभा राहिला आणि दीर्घिका पूर्वीपेक्षाही प्रखर झाली.

खगोलशास्त्रज्ञ क्लाउडिओ रिच्ची व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुचवलेले स्पष्टीकरण असे, की कृष्णविवराने फाडलेल्या एखाद्या ताऱ्याचे अवशेष तबकडीच्या आतल्या भागावर आदळले असावेत. दुसऱ्या मतानुसार तबकडीसोबत आत वाहत आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटली आणि कोरोनाला ऊर्जा पुरवणारी व्यवस्थाच काही काळ कोलमडली. मला हे दुसरे मत अधिक पटते, कारण त्यात कोरोनाचे जाणे आणि परतणे ही दोन्ही एकाच प्रक्रियेची अंगे ठरतात; बाहेरून तारा आणावा लागत नाही.

पण प्रकरण तिथेच थांबले नाही. २०२२ मध्ये एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला या क्ष-किरणांत सुमारे १८ मिनिटांनी होणाऱ्या चढउतारांची लय सापडली आणि २०२४ पर्यंत तो काळ सात मिनिटांवर आला. एखादा श्वेत बटू, म्हणजे मृत ताऱ्याचा लहान, घनदाट गाभा, कृष्णविवराच्या अगदी काठाशी फेऱ्या घालत असेल, तर गुरुत्वीय लहरींमधून (अवकाशकालातील तरंगांमधून) ऊर्जा गमावून त्याची कक्षा अशीच आक्रसेल. परंतु मग लय अधिकाधिक वेगाने बदलायला हवी होती, आणि प्रत्यक्षात तो बदल मंदावत गेला. बटूच्या बाह्य थरांतील द्रव्य कृष्णविवर ओढून घेत असल्यास असे घडू शकते. पुढील दशकात सोडल्या जाणाऱ्या लिसा या अवकाशस्थ वेधशाळेला, हे अनुमान बरोबर असेल तर, या बटूच्या गुरुत्वीय लहरी टिपता यायला हव्यात.