पीएचडी दोन गावांत होते, पैसे मात्र एकाच गावाचे मिळतात

एमएस्सी मायक्रो झालेली आपल्याकडची मुलं हल्ली सारखी विचारतात, मॅडम जॉइंट पीएचडी करायची आहे, लॅबचं काम पुण्यात आणि पेशंटचं किंवा रानातलं काम इकडे सिंधुदुर्गात, दोन गाईड, तर पैसे कुठून मिळतात आणि पुरतात का. फोनवर प्रत्येकाला सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून सविस्तर लिहिते. मी स्वतः अशीच पीएचडी केली, इकडच्या दोडामार्ग तालुक्यातल्या गोचिडींवर, म्हणजे त्यांच्यातून माणसाला होणाऱ्या माकडतापावर, आणि आता इकडेच कॉलेजात शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी सरळ हिशेब. आयसीएमआर, सीएसआयआर, यूजीसी या केंद्राच्या संस्थांपैकी कुणाचीही जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तरी १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (सिनिअर) झालात की ४२,०००, पुढची तीन वर्षं. पाच वर्षांचे नुसते फेलोशिपचे पैसे धरले तर बरोब्बर २४ लाख होतात. शिवाय घरभाडं, आणि आयसीएमआरच्या फेलोशिपला वर्षाला २०,००० पर्यंत कंटिन्जन्सी, म्हणजे कामाच्या किरकोळ खर्चाचे पैसे. पीएमआरएफ (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप) मिळाली तर सुरुवातच ७०,००० पासून होते आणि वर्षाला २ लाख रिसर्च ग्रँट वेगळी, पण ती फार थोड्यांना आणि मोजक्या संस्थांत मिळते. ३७,००० ही रक्कम वाईट नाही, आमच्या आधीच्या बॅचला विचारा ते कशात भागवायचे.

पण हे सगळे आकडे एका जागी बसून पीएचडी करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बसवलेले आहेत, आणि माझं म्हणणं सगळं इथूनच सुरू होतं.

घरभाड्याचंच बघा. भत्ता ठरतो तो तुमची संस्था ज्या शहरात आहे त्या शहराच्या वर्गावर, पुणे सगळ्यात वरच्या वर्गात आणि आपली सगळी गावं सगळ्यात खालच्या. म्हणजे रजिस्ट्रेशन पुण्याचं असेल तर भत्ता पुण्याचा मिळतो आणि तो पुण्यातल्या खोलीतच संपतो, मग डिसेंबर ते मे या गोचिडींच्या सीझनला तुम्ही दोडामार्गात राहता त्या खोलीचं भाडं कुठून द्यायचं? आणि रजिस्ट्रेशन इकडच्या कॉलेजचं घेतलंत तर भत्ता खालच्या वर्गाचा, पण लॅबसाठी पुण्यात राहावं तर लागणारच. दोन्हीकडून विद्यार्थ्याच्याच खिशात हात जातो. जॉइंट म्हणायचं, दोन गाईड, दोन संस्था, सिनॉप्सिसवर दोन्ही लोगो, आणि पैशाच्या कागदावर मात्र पत्ता एकच.

आता गोचिडी गोळा करणं म्हणजे नक्की काय ते सांगते, म्हणजे खर्च कुठे होतो ते कळेल. पांढऱ्या फ्लॅनेलचा मोठा तुकडा घ्यायचा, एका कडेला काठी, आणि काजूच्या बागेत, रानाच्या कडेला वाळलेल्या पातेऱ्यावरून तो सावकाश ओढत न्यायचा. पँट मोज्यात खोचलेली, हातापायाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल. दर थोड्या अंतरावर थांबून फडकं उलटं करून बघायचं. पिल्लं तिळापेक्षा बारीक असतात, पांढऱ्यावर एखादा ठिपका हलला तर ती गोचीड, नाहीतर कचरा. चिमट्याने उचलून व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, व्हायलवर जागा आणि तारीख, मग लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्ये, आणि नंतर जातवार वेगळ्या करून पुण्याच्या लॅबकडे. हा कॅन घेऊन एसटीत बसता येत नाही. तिहेरी पॅकिंग, गाडी स्वतःची किंवा भाड्याची, आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे पुणं. लिक्विड नायट्रोजन सतत उडत असतो, तो भरून आणायला परत गाडी. वर्षाच्या २०,००० मध्ये यातलं काय बसतं? सीझनच्या पहिल्या महिन्यात ते संपतात. शिवाय त्यातूनच पुस्तकं, प्रिंटआऊट आणि किरकोळ केमिकल्स बघायची.

माकडताप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात हा पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. व्हायरस गोचिडीतून येतो, माकडं मरायला लागली की समजायचं जवळपास आहे. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाला आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात. काजूचा सीझन आणि या पिल्लांचा सीझन एकच, त्यामुळे बागेत गेल्याशिवाय पोट भरत नाही त्यांनाच तो गाठतो. तपासण्या, व्हायरस वेगळा करणं हे सगळं पुण्याच्या एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणीच होऊ शकतं, तशी सुरक्षित लॅब आपल्याकडे नाही आणि उद्या लगेच होणारही नाही. म्हणून तर जॉइंट पीएचडी हवी. रोग इकडे, मशीन तिकडे, आणि मध्ये एक विद्यार्थी जो दोन्हीकडची भाषा बोलतो.

पैशांइतकंच महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. फेलोशिपचे महिने तुम्ही जॉइन झालात त्या दिवसापासून मोजले जातात, काम सुरू झाल्यापासून नाही. पेशंटचं रक्त घ्यायचं तर दोन्ही संस्थांच्या एथिक्स कमिट्या, रानात जायचं तर वनखात्याची परवानगी, दोन संस्थांमधला एमओयू म्हणजे करार, आणि परदेशी पार्टनर असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही मंजुरी. एमओयूवरची एक सही लीगल सेक्शनमध्ये किती दिवस पडून राहते ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. समजा सगळे कागद जूनमध्ये हातात आले. माकडतापाचा सीझन मेमध्ये संपलेला, पुढचा डिसेंबरमध्ये, म्हणजे पाचातलं एक वर्ष गेलं आणि व्हायल एकही भरली नाही. लेप्टोवर (पावसात पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसवर) काम करणाऱ्याचं उलट, त्याला लावणीपासून पाऊस संपेपर्यंतचेच दिवस, परवानगी नोव्हेंबरला आली तर तो पुढच्या पावसापर्यंत बसून. दिल्लीत बसून फेलोशिपचे नियम करणाऱ्याला वर्ष म्हणजे बारा सारखे महिने वाटतात, आमच्याकडे रोगालाही सीझन असतो. माझी मागणी साधी आहे, जॉइंट पीएचडीत परवानग्यांसाठी सहा महिने वेगळे द्या, त्या काळात कोर्सवर्क करू द्या, स्टायपेंड चालू ठेवा, आणि ते महिने पाच वर्षांत धरू नका.

आणि पैसे वेळेवर द्या. हे मला अगदी पोटतिडकीने सांगायचंय. माझे पैसे एकदा गणपतीच्या आधी थांबले ते शिमग्यापर्यंत आलेच नाहीत, कारण काय तर एका संस्थेचं यूसी (पैसे खर्च झाल्याचा दाखला) दुसरीकडे पोचलं नव्हतं म्हणून पुढचा हप्ता अडला. माझी काहीही चूक नव्हती, प्रोग्रेस रिपोर्ट वेळेत गेलेला. त्या काळात गाडीचं भाडं बाबांनी काजूच्या पैशातून भरलं. ज्या मुलीच्या घरी काजू नाहीत तिने काय करायचं? ती सोडून देते, आणि मग आपण म्हणतो कोकणातली मुलं रिसर्चमध्ये टिकत नाहीत. दोन संस्था आल्या की अडकायला दोन जागा तयार होतात, त्यामुळे स्टायपेंडचा पैसा संस्थांच्या हिशेबाशी बांधूच नये, तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यावा आणि संस्थांनी आपापसातलं नंतर निस्तरावं.

बाहेर हे कसं करतात ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च काउन्सिलची आयकेस नावाची स्टुडंटशिप आहे, विद्यापीठ आणि एखादी कंपनी मिळून. विद्यार्थ्याने पूर्ण पीएचडीत किमान ३ महिने त्या पार्टनरकडे जाऊन काम करायचं ही अट, आणि पार्टनरनेही खर्चात वाटा उचलायचा. तिकडचा किमान स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड. रकमेची तुलना करण्यात अर्थ नाही, मला त्यातलं आवडतं ते हे की दुसऱ्या जागी राहणं हा योजनेचाच भाग धरलाय. आपल्याकडेही सर्ब हे केंद्राचं संशोधन मंडळ आणि सीआयआय ही उद्योगांची संघटना यांनी मिळून पंतप्रधान डॉक्टरल फेलोशिप काढली होती, अर्धे पैसे सरकारचे अर्धे कंपनीचे, आणि विद्यार्थ्याच्या हातात नेहमीच्या फेलोशिपच्या जवळपास दुप्पट. कल्पना चांगली होती, पण यात एक मोठी अडचण आहे जी कोणी मोठ्याने बोलत नाही. कंपनी पैसे घालणार तिथेच जिथे पुढे काहीतरी विकता येईल. डायबेटिस, कॅन्सर, तिथे पार्टनर मिळतो. माकडतापाला कोण मिळणार? काजूच्या बागेत रोजावर जाणारी माणसं हे कुणाचं मार्केट नाही.

फुरसं या छोट्या विषारी सापाचंही तेच. रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फुरसं किती ते इकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण देतो ते अँटिव्हेनम बनवायला लागणारं विष बहुतेक तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं हे आता नीट माहीत झालंय. मग आपल्या सड्यावरच्या फुरशावर ते किती चालतं, किती व्हायल लागतात, हा अख्खा पीएचडीचा विषय आहे. एक गाईड विषाच्या लॅबमधला, एक गाईड तालुक्याच्या ठिकाणी रोज सर्पदंश बघणारा डॉक्टर. सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून, पण निम्मे करायला आधी हे बारीक प्रश्न कोणीतरी सोडवायला लागतील ना.

इकडे बसून असं काम होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच कोकणात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाचे पेशंट रात्र रात्र जागून पाहिले, ब्लडप्रेशरवरचं प्राझोसिन त्यांना वाचवू शकतं हे दाखवलं आणि १९८६ मध्ये ते लॅन्सेटमध्ये आलं. २०२२ ला पद्मश्री. त्यांचं नाव घेऊन भाषणं खूप होतात, पण त्यांच्यासारख्या डॉक्टरच्या हाताखाली राहून पाच वर्षं फक्त त्याच प्रश्नावर काम करणारा एखादा पगारी विद्यार्थी असावा, याची सोय आपण अजूनही लावलेली नाही. प्रत्येक वेळी एका माणसाच्या जिद्दीवरच सगळं चालावं हे बरोबर नाही.

म्हणून माझं लक्ष लोटे-परशुराम आणि महाडच्या एमआयडीसीकडे जातं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, द्यायचे असतात, आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात आयसीएमआरसारख्या संस्था, सरकारी विद्यापीठं यांच्या संशोधनाला दिलेले पैसेही बसतात. एका जॉइंट स्टुडंटशिपचा पूर्ण खर्च माझ्या हिशेबाने ४० लाखांच्या आत येतो, पाच वर्षांचा, यात २४ लाख फेलोशिप, पुण्याच्या दराने घरभाडं, कंटिन्जन्सी आणि सीझनच्या गाडीचे वर्षाला दीड लाख सगळं धरलंय. बसथांबे आणि वह्या वाटप चांगलंच आहे, पण ज्या कामगारांच्या घरात लेप्टो येतो, ज्यांच्या अंगणात विंचू-फुरसं निघतं त्यांच्याच रोगावर एक मुलगी पाच वर्षं काम करेल हेही तेवढंच जवळचं आहे. आता अलिबाग, रत्नागिरी, ओरोस सगळीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं निघालीत, डेरवणच्या हॉस्पिटलात तर कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या तब्येतीचा दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यामुळे इकडे गाईड कोण होणार हा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. इकडच्या गाईडला त्याच्या ओपीडीतून आठवड्याचा अर्धा दिवस मोकळा मिळाला पाहिजे आणि त्या वेळेचे पैसे हॉस्पिटलला मिळाले पाहिजेत, नाहीतर को-गाईड नुसता सहीपुरता उरतो.

अजून एक खर्च असतो जो कुठल्याच बजेटमध्ये मी पाहिला नाही. दोडामार्गातल्या एका काकींनी मला बागेत थांबवून विचारलं होतं, "बाय, रगात न्हेलात, मगे काय झाला ता सांगूक कोन इलाच नाय." त्यांचं रक्त मी घेतलं नव्हतं, आधी कुणीतरी येऊन गेलेलं, पण मी पुण्याच्या गाडीतून उतरणारी म्हणून प्रश्न मलाच. मग आम्ही प्रत्येक वाडीत परत गेलो, देवळासमोर बसून सांगितलं काय सापडलं काय नाही, कुठल्या बागेत जास्त गोचिडी, तेल कधी लावायचं, माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता कुणाला कळवायचं. त्या गाडीचा खर्च रिपोर्टमध्ये कुठल्या हेडखाली टाकायचा ते कुणालाच सांगता येईना. माझ्या मते तो स्टुडंटशिपमध्ये स्वतंत्र हेड म्हणून असायला हवा, शेवटच्या वर्षाचा एक महिना आणि त्याचे पैसे, आणि तो झाल्याशिवाय थीसिस सबमिट होऊ नये.

जी मुलं यावर्षी अर्ज करणार आहेत त्यांना एवढंच, सही करण्याआधी एमओयू स्वतः वाचा. दुसऱ्या गावातलं राहणं कोण देणार, गाडी कुणाच्या हेडमधून, सॅम्पल आणि डेटा कुणाकडे राहणार, पेपरवर इकडच्या डॉक्टरचं नाव असणार का, एक गाईड बदली होऊन गेला तर काय, हे लिहिलेलं नसेल तर लिहून मागा, मागायला लाजू नका. मुलींनी हेही लक्षात ठेवा की यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीच्या ६ वर्षांवर बायकांना २ वर्षं जास्त आहेत आणि २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी लीव्ह, ते कुणी आपणहून सांगत नाही. आणि येत्या डिसेंबरला रानात उतरायचं असेल तर एथिक्स आणि वनखात्याचे अर्ज जुलैतच गेले पाहिजेत, ड्राफ्ट अडला असेल तर माझ्याकडे पाठवा, मी वाचून देते.