प्रिंटर अडकला तेव्हा

आमच्या दवाखान्यात आम्ही तिघं फॅमिली डॉक्टर. पेशंट सामाईक, संगणकावरची फाइलही सामाईक. ज्याची खोली आधी रिकामी होईल त्याच्याकडे माणूस जातो. दर तीन महिन्यांनी आम्ही आमचीच झडती घेतो: किती मधुमेहींची एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वेळेवर झाली, किती जणांचे पाय तपासले, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाहिलं का, बीपी १४०/९० च्या आत आहे का. फाइलवर त्याच्या चौकटी असतात. काम झालं की हिरवी, राहिलं की लाल. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या काकूंच्या फाइलवर एकही लाल चौकट नव्हती, आणि गेले काही आठवडे तेच डोक्यातून जात नाही.

काकू साठीच्या पुढच्या. मधुमेह, बीपी, स्वभाव अतिशय सोशिक. त्या दिवशी नेहमीच्या तपासणीला आल्या होत्या. पाच मिनिटांत सगळं उरकलं. पण पेशंट ज्यासाठी खरा आलेला असतो ते तो पुष्कळदा खुर्चीतून उठता उठता सांगतो. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं. काकूही पर्स उचलून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? खोकला आला की लघवी निसटते. त्याला काही गोळी असते का?"

"असते ना," मी म्हणाले आणि लिहूनही टाकली. बाहेर अकरा जण बसले होते. मूत्राशय शांत करणारी ही गोळी अचानक घाई होते त्यासाठी असते, खोकताना निसटणाऱ्या लघवीला तिचा उपयोग नाही. एरवी हे मी झोपेतही सांगितलं असतं. वर तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ आणि या वयात कधीकधी चक्क गोंधळलेपण. प्रिंटचं बटण दाबलं आणि कागद अडकला.

आमच्या रिसेप्शनवरच्या ताई येऊन प्रिंटरचं झाकण उघडून बसल्या. मला दोन मिनिटं करण्यासारखं काहीच उरलं नाही. म्हणून स्क्रीनवरची औषधांची यादी वाचू लागले, तारखांसकट, खालून वर.

अकरा महिन्यांपूर्वी: रॅमिप्रिल, बीपीची गोळी, मी लिहिलेली. लघवीत अल्ब्युमिन जात होतं, मूत्रपिंडं जपायला हेच औषध योग्य होतं, आजही तसंच म्हणेन. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत: खोकला, आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांकडून अँटिबायोटिक. मग धाकट्या सहकाऱ्याने आम्लपित्ताचा खोकला समजून पँटोप्राझोल दिलं. लेखी परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. मग छातीचा एक्स-रे, स्वच्छ. मग इनहेलर. मग खोकल्याचं सिरप, ज्यात चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषधही होतं. अशी औषधं बीपी वर ढकलू शकतात. पुढच्या भेटीत बीपी १५८/९४ आणि चौकट लाल. तेव्हा काकू माझ्याकडे होत्या. मी रॅमिप्रिल पाचाचं दहा केलं. पंधरा दिवसांत चौकट हिरवी झाली, आणि मला बरं वाटलं होतं हे चांगलं आठवतंय.

ज्या एन्झाइमला रॅमिप्रिल अडवतं, तेच एन्झाइम शरीरातल्या ब्रॅडिकायनिन नावाच्या रसायनाचाही निचरा करतं. निचरा थांबला की ते साचतं, श्वासनलिका हुळहुळी होते आणि कोरडी ढास लागते. घशात खवखव, कफ नाही, ताप नाही, रात्री आडवं पडलं की जास्त. शंभरात पाच ते वीस जणांना होतं, बायकांना अधिक. या जातीचं पहिलं औषध, कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये आलं, म्हणजे ही काही ताजी बातमी नव्हे. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. फसगत होते ती वेळेमुळे. खोकला कधी पहिल्या दिवशी सुरू होतो, कधी काही महिन्यांनी, आणि तोवर गोळी जुनी झालेली असते. नव्या दुखण्यासाठी जुन्या गोळीवर कोण संशय घेतो?

"काकू, खोकला नक्की कधीपासून?"

"तुम्ही गोळी बदललीत ना, त्यानंतर महिना-दीड महिन्यानं. मी सांगितलं होतं की तेव्हा."

प्रिंटरमधून चुरगळलेला कागद ओढता ओढता ताई म्हणाल्या, "मी लिहिलं होतं मॅडम."

लिहिलं होतं. पेशंट आत येण्याआधी ताई तक्रारीची एक ओळ टाइप करतात, ती आम्ही फाइल उघडताच स्क्रीनवरून मिटवतो. पहिल्याच खोकल्याच्या भेटीत ओळ होती: 'नवीन गोळीनंतर खोकला?' प्रश्नचिन्हासकट. आम्हा तिघांच्या मिळून सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसपेक्षा ते एक प्रश्नचिन्ह शहाणं निघालं.

रॅमिप्रिल थांबवून टेल्मिसार्टन हे बीपीचंच, पण वेगळ्या जातीचं औषध सुरू केलं. ते ब्रॅडिकायनिनच्या वाटेला फारसं जात नाही, मूत्रपिंडंही जपतं. सिरप, इनहेलर, पँटोप्राझोल बंद. लघवीची गोळी खोडली, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम दाखवले. मग विचारायला सुचलं की पाणी किती पिता. "बाहेर जायचं असेल तर नाही पीत," काकू म्हणाल्या, "आणि बाहेर जाणंही आता सोडलंच आहे." चार महिने. रॅमिप्रिलवर असलेली मधुमेही बाई पाणी तोडून घरात बसली होती आणि आमच्या नोंदीत तिचं सगळं उत्तम चाललं होतं. त्याच दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्ततपासणी, केलं. नॉर्मल आलं. हे आमचं कर्तृत्व नाही.

तीन आठवड्यांत ढास थांबली. काकू रागावल्या नाहीत. "म्हणजे खोकला तुमच्याच गोळीचा," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारच्या बैठकीत मी ही फाइल मांडली. ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "पण त्या त्या दिवशी प्रत्येकानं बरोबरच केलं होतं." खरं आहे, आणि म्हणूनच मला ते वाक्य सहन झालं नाही. काकू दर वेळी वेगळ्या डॉक्टरसमोर बसल्या आणि दर वेळी खोकला नवाच ठरला. एकाच डॉक्टरकडे सातत्याने जाण्याबद्दल २०१८ मध्ये नऊ देशांतल्या २२ अभ्यासांचा आढावा निघाला. त्यातल्या १८ अभ्यासांत अशा पेशंटचं मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. मी तो वाचून दाखवला. त्यावर सहकारी म्हणाला की मग लोकांना थांबावं लागेल आणि ते ओरडतील. ओरडतील, हेही खरं. लोकांना आपला डॉक्टर हवा असतो आणि नंबरही आत्ता हवा असतो.

धाकट्याने उपाय सुचवला: रॅमिप्रिल लिहिताना संगणकाने इशारा द्यावा. मी विरोध केला. दिवसाला चाळीस इशारे आम्ही न वाचता बंद करतो, हा एकेचाळिसावा. तक्रारीची ओळ मात्र आता डॉक्टरने दोन शब्द लिहिल्याशिवाय मिटत नाही. हे ताईंनीच सुचवलं. काकूंसारखे तीनचार आजार असलेले पेशंट एकाच डॉक्टरच्या नावावर लावायचे, हेही जेमतेम मान्य झालं.

शिवाय या जातीच्या औषधांवर असलेल्या सगळ्यांची यादी काढली. सहा जणांच्या फाइलमध्ये कुठे ना कुठे खोकल्याचं औषध सापडलं. त्यातल्या दोघांना ते मीच लिहून दिलं होतं. चौघांशी बोलणं झालं आहे. उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत, ताई रोज करून पाहतात.