मेणवलीचा घाट: दीड मिलिमीटरचा छडा लागला

मंडळी, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं चित्र मी जपानी पद्धतीने, लाकडी ठशांनी कागदावर छापते आहे. मे महिन्यातल्या नोंदीनंतर गप्प होते, कारण दाखवण्यासारखं काहीच हातात नव्हतं. मुख्य ठसा, म्हणजे चित्राच्या रेषांचा, उत्तम उतरत होता. चारही रंगठसे कोरून तयार होते. पण जुलैमध्ये छापायला बसले आणि पहिल्याच कागदावर देवळाच्या शिखराचा रंग रेषेच्या खाली घसरलेला दिसला. कळसाशी पांढरी फट, जवळजवळ दीड मिलिमीटरची. सलग अकरा कागद असेच गेले.

पहिला संशय अर्थात केंतोवर, म्हणजे प्रत्येक ठशावर कागद त्याच जागी बसावा म्हणून कोरलेल्या खाचांवर. कागीचा (कोपऱ्यातल्या खाचेचा) कोपरा पुन्हा धारदार केला, हिकित्सुकेची (सरळ खाचेची) कड साफ केली. फरक शून्य. मग कागदावर आळ घेतला. ओलवलेला कोझो (तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा जपानी कागद) ताणला जात असणार, असं वाटलं. दोन रंगांच्या मध्ये कागद सुकू नयेत म्हणून गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला, तरी तेच. शेवटी कागद नव्वद अंशांत फिरवून कापला. चूक कागदाची असती तर तिची दिशा बदलायला हवी होती. ती बदलली नाही, फट कळसाशीच राहिली.

त्या रात्री भिंग घेऊन बसले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. खालच्या पायऱ्यांवर, म्हणजे केंतोजवळ, रंग आणि रेषा तंतोतंत जुळलेल्या. मधल्या घंटेपाशी (वसईच्या १७३९च्या विजयानंतर मेणवलीला आलेली ती पोर्तुगीज घंटा) पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर फरक. कळसाशी त्याच्या दुप्पट. खालून वर चूक अंतराच्या प्रमाणात वाढत होती, म्हणजे काहीतरी मुळातच ताणलं गेलं होतं.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर काढला. मे महिन्यात मुख्य ठशाची चौकट २४० बाय १८० मिमी आखली होती, वहीत लिहिलेलं आहे. आता लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने २४०, आणि तिच्या काटकोनात, म्हणजे चित्राच्या उंचीत, १८१.४! लाकूड फुगलं होतं. मुख्य ठसा शिवण या झाडाच्या अखंड फळीचा, तोही कोरड्या उन्हाळ्यात कोरलेला. रंगठसे शिना या जपानी लाकडाच्या प्लायवर. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. ते अजून १८०च आहे. रंगठसे कोरण्यासाठीचे नमुने मी मुख्य ठशावरूनच मे महिन्यात काढले होते. म्हणजे चारही रंगठसे उन्हाळ्यातल्या मापाचे आणि रेषा पावसाळ्यातल्या मापाची. जपानी कारागीर सगळे ठसे एकाच जातीच्या, डोंगरी चेरीच्या लाकडात कोरत आले, यामागचं एक कारण आता मला बोटांनी कळलंय. सगळंच फुगलं तर सगळं बरोबर फुगतं.

शिवणीला मी दोष देणार नाही. वखारीतून आणलेली ती फळी सुरीला लोण्यासारखी लागते आणि बारीक रेषा मोडत नाही. प्लायबद्दल मात्र तक्रार आहे: चारांपैकी एका तुकड्याच्या आतल्या थरात पोकळी निघाली आणि आकाशाच्या ठशावर बारेन (कागद दाबून घासायची चकती) फिरवताना तिथे पृष्ठभाग दबतो. प्लाय विकत घ्याल तेव्हा चारही कडा उजेडात बघून घ्या.

पहिला उपाय म्हणून ठसा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला. सहा दिवसांत १८०.९वर आला. पण फळी किंचित वाकली, आणि ओली शाई लागली की पुन्हा फुगणारच. तो नाद सोडला.

दुसरा उपाय चूक वाटून घेण्याचा. मुख्य ठशाच्या केंतोत पातळ पट्टी चिकटवली की कागद तेवढा आत सरकतो. बांबूची पट्टी तासत बसण्यापेक्षा मुदत संपलेलं एटीएम कार्ड कापलं; त्याची जाडी ०.७६ मिमी, मला हवी तेवढीच. कागीच्या आडव्या कडेला एक तुकडा, हिकित्सुकेला एक. काल रात्री छाप उचलली आणि घंटा अचूक बसली होती! घंटेच्या ओठावरची करडी छटा रेषेच्या आत, कुठेही न सांडता. पायऱ्यांशी आता थोडा फरक आहे, पण तिथली रेषा एक मिलिमीटर जाड असल्याने ती तो गिळते.

कळसाशी अजून ०.७ शिल्लक आहे. हे लिहिता लिहिताच सुचलं की शिखराचा गेरू रंग स्वतंत्र ठशावर आहे. मग फक्त त्याच ठशाची केंतो ०.७ बाहेर कोरली की झालं, बाकीच्या तिघांना हात लावायला नको! उद्या सकाळी हेच करते.

आकाशाची बोकाशी, म्हणजे गडदाकडून फिकटाकडे जाणारी छटा, मात्र मनासारखी जमली. १८३०च्या सुमारास जपानी ठशांत पसरलेला तोच प्रशियन निळा. आधी पट्टे उठत होते. ब्रशच्या एकाच टोकाला रंग, ठशावर पाणी निम्मं, तांदळाची खळ हरभऱ्याएवढी, इतकंच बदललं. बुटाचा ब्रश केस जाळून, पॉलिश पेपरवर घासून मऊ केलेला आहे. महागड्या ब्रशांची मला उणीव भासलेली नाही. खळीत लवंगतेलाचा एक थेंब घालते, आठवडाभर बुरशी येत नाही.

पुढच्या मुख्य ठशासाठी शिवणीची फळी आणून ठेवली आहे. रंगठसे तिच्याच उरलेल्या भागातून, रेषा एकाच दिशेत ठेवून कापेन, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तारीख नि रुंदी लिहीन. कागद ओलवून ठेवलेत, बारा आहेत.