गड्डा वर, मुळं दगडावर

फिशटँकमध्ये झाडं लावायची म्हटलं की हात आपोआप वाळूकडे जातो. खड्डा करायचा, रोप रोवायचं, चारी बाजूंनी वाळू सारायची. कुंडीत आपण तेच करत आलोय. पण अनुबियास आणि जावा फर्न ही दोन झाडं अशी पुरली की हळूहळू सडतात. आणि दुकानदार नव्या माणसाला बहुतेक वेळा हीच दोन देतो, कारण ती कमी उजेडात आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय जगतात. देताना एक वाक्य सांगायला हवं, ते राहून जातं: याचा गड्डा पुरू नका.

या झाडांचं खोड आडवं सरकत वाढतं, आल्याच्या गड्ड्यासारखं. वरून पानं फुटतात, खालून मुळं. मुळं वाळूत गेली तरी चालतात, गड्डा मात्र उघड्या पाण्यातच हवा. अनुबियास मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, कॅमेरून-गॅबॉनकडचं, आणि जावा फर्न आग्नेय आशियातलं. दोन्ही ओढ्याकाठच्या दगडांना आणि पडलेल्या लाकडांना धरून वाढतात. आपल्या टाकीतही त्यांना तसंच धरायला काहीतरी द्यायचं.

मी चिंचवडला शिवणकाम करते, त्यामुळे घरात दोऱ्याला तोटा नाही आणि हा भाग माझ्या विशेष आवडीचा. सुती दोरा पाण्यात काही आठवड्यांत विरतो. जावा फर्न तोवर दगडाला घट्ट धरून बसलेलं असतं, म्हणून त्याला सुतीच बरा, नंतर काही काढावं लागत नाही. अनुबियास सावकाश मुळं टाकतं, त्याला मशीनचा पॉलिस्टर दोरा. जावा मॉस, म्हणजे दगडावर गादीसारखं पसरणारं बारीक पानांचं झाड, त्याची पकड मुळातच सैल, त्यालाही पॉलिस्टरच. रंग काळा नाहीतर गडद हिरवा घ्यावा, चार दिवसांत दिसेनासा होतो.

झाड दुकानातून छोट्या कुंडीत आलं असेल तर बांधण्याआधी त्या कुंडीतला सगळा लोकरीसारखा कापूस मुळांतून काढायचा, धारेखाली धरून, बोटांनी हळूहळू. लांबलचक मुळं बोटाच्या पेराएवढी ठेवून बाकीची कात्रीने छाटायची, नवी मुळं येतात तीच दगडाला चिकटतात. गड्डा अंगठ्याने दाबून बघायचा. टणक आणि हिरवा असला तर उत्तम. मऊ, तपकिरी, वास मारणारा भाग निर्दयपणे कापून टाकायचा, कारण ती सड पुढे पसरते. दुकानातच दाबून बघितलं तर आणखी चांगलं.

मग गड्डा दगडावर टेकवायचा आणि दोन पानांच्या देठांमधल्या जागेतून दोरा फिरवायचा. देठावरून दोरा जाऊ द्यायचा नाही. गड्ड्याचं वाढतं टोक, जिथून नवं कोवळं पान डोकावतं, ते मोकळं सोडायचं. दोरा किती ओढायचा? झाड हलू नये इतकाच. काजाला टाका घालताना कापड गोळा होऊ देत नाही, तितकाच हलका हात हवा. दोरा गड्ड्यात रुतला की तिथेच सड सुरू होते. हे सगळं होईपर्यंत पानांवर ओलं फडकं टाकून ठेवावं.

दोऱ्याचा कंटाळा असेल तर सुपरग्लूही चालतो. तो ओलाव्यानेच घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की माशांना त्रास देत नाही. जेलसारखा जाड मिळाला तर तोच घ्या, पातळ ओघळतो. मुळांना एक-दोन थेंब, गड्ड्याला नाही, आणि थोडा वेळ दाबून धरा. पांढरे डाग पडतात, पुढे त्यांच्यावर हिरवट थर चढतो.

दगडाविषयी मात्र आपल्याकडच्या लोकांना थोडं जास्त सांगायला हवं. गच्चीवर पडलेला शहाबादी फरशीचा नाहीतर कडप्प्याचा तुकडा सगळ्यांनाच हाताशी असतो. दोन्ही चुनखडीचे. पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा वाढवतात. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण सुरक्षित, आणि त्यातला भोकं भोकं असलेला मिळाला तर मुळं खोचायला आयती जागा. फक्त त्या भोकांत कधीकधी पांढरे स्फटिक बसलेले असतात, त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. जागा जरा खरवडून व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवा. लाकूड वापरायचं तर आधी उकळून, पाणी बदलत भिजवून घ्या. तरीही पाणी काही दिवस तपकिरी होतं आणि लाकडावर पांढरट बुळबुळीत थर येतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत, घाबरून लाकूड फेकू नका.

आणि मग झाडाला हात लावायचा नाही. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं हेच आहे. नर्सरीत ही झाडं बरेचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टाकीत आली की जुनी पानं पिवळी पडून विरघळतात. लोक म्हणतात झाड मेलं, आणि उपटून दुसरीकडे लावतात. गड्डा टणक आहे ना? मग कुजकं पान तेवढं बुडातून कापा आणि थांबा. पाण्याखाली जगणारी पानं नव्याने येतात. अनुबियासला एक पान काढायला तीन-चार आठवडे लागतात, हा त्याचा स्वभाव आहे.

जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके रांगेत दिसले की रोग समजू नका. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. जुन्या पानांच्या टोकाला पिल्लंही धरतात, इवलीशी पानं आणि केसासारखी मुळं. पिल्लू अलगद सुटून आलं की तेही दगडाला बांधता येतं.

अनुबियासची पानं खूप काळ टिकतात, म्हणून त्यांच्यावर शेवाळाचे घट्ट हिरवे ठिपके बसतात. दिव्याच्या थेट खाली ते ठेवूच नये, उंच झाडाच्या किंवा लाकडाच्या सावलीत ठेवावं. दिव्याला टायमर लावा, रोज सहा-सात तास पुरे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. त्याच वेळी पान दोन बोटांत धरून हळू पुसता येतं. खत द्यायचं तर पाण्यात मिसळणारं द्या. वाळूत खोचायच्या गोळ्या या झाडांना पोचतच नाहीत. फर्नच्या पानांना भोकं पडायला लागली तर बऱ्याचदा पोटॅशियम कमी पडत असतं.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाणी तिशीच्या वर जातं. अनुबियास सोसतं, मॉस तपकिरी पडतं. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी भराभर आटतं, तेवढी भर रोज घालावी. मॉस आधीच विरळ कातरून ठेवलं की उन्हाळा सोपा जातो, जाड गादी झाली की खालचा थर उजेडावाचून मरतो. कातरलेले तुकडे जाळीने गोळा करा, नाहीतर फिल्टरचं तोंड तुंबतं.

गड्डा लांबला की धारदार ब्लेडने त्याचे तुकडे करता येतात, प्रत्येक तुकड्याला निदान तीन-चार पानं राहतील असे. माझ्याकडचे तुकडे शेजारच्या मुलांकडे आणि गिऱ्हाइकांच्या घरी गेलेत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की दोन-तीन दिवसांचा प्रवास सहज सोसतात. चिंचवडमध्ये कुणाला हवं असेल तर सांगा. देताना दगडाला बांधूनच देईन.