आयांचं नाटक आणि मुलांना प्रवेश नाही

नाट्यगृहाचा अर्ज भरताय? मग मागच्या पानावरच्या अटी आधी वाचा, पैसे नंतर भरा. आमच्या उपनगरातल्या एका नाट्यगृहाच्या अर्जामागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : पाच वर्षांखालील मुलांना प्रेक्षागृहात प्रवेश नाही. आणि आमचं नाटक आयांचं. करणाऱ्या आया, बघायला येणाऱ्याही आयाच. त्यातल्या निम्म्यांच्या कडेवर कोणी ना कोणी असतंच.

आमचा गट भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीतला. पोळ्या करणाऱ्या आहेत, एक आशाताई आहे, एकीचा मुलगा स्वमग्न आहे, एकीची सासू तिला रोज नव्याने ‘तू कोण गं?’ विचारते. एक ब्युरोतर्फे पेशंट सांभाळते, बारा तासांची ड्युटी. परक्या म्हातारीला आंघोळ घालते आणि स्वतःची आई गावाला शेजाऱ्यांच्या भरवशावर. कोणी लेखक आणून नाटक बसवलं नाही. प्रत्येकीने आपला दिवस सांगितला, बाकीच्यांनी तो करून दाखवला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातला एक आकडाही घेतला : घरकाम करणारी बाई त्याला दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं देते, घरकाम करणारा पुरुष ८८. ही ओळ म्हणणारी ताई तालमीत म्हणाली, ‘माझी मिनिटं मोजायला आले असते तर मी त्यांनाच पीठ मळायला बसवलं असतं.’ ते तसंच ठेवलं.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. सगळे त्याला सेन्सॉरच म्हणतात. ते झालं. लेखिका म्हणून माझं नाव घातलं आणि बाकीच्यांकडून तसं लिहून घेतलं. हे काम तारीख घेण्याच्या बरंच आधी करा, एवढंच.

आता नाट्यगृह. मी खिडकीवर विचारलं, प्रयोग आयांसाठी आहे, मुलांचं काय करायचं? आतले साहेब अगदी सौजन्याने म्हणाले, ‘मुलं घरी ठेवून या ना.’ कोणाकडे? ‘घरात कोणीतरी असेलच की.’ माझ्याबरोबर आलेल्या दोघी हसायलाच लागल्या, कारण आमच्या नाटकातला दीर जवळजवळ हेच बोलतो. साहेबांचं वाक्य त्याच्यापेक्षा सरस होतं, पण मंजूर संहितेत बदल केला की ती परत पाठवा, म्हणून राहून गेलं. अजून हळहळ वाटते.

अट शिथिल करायची तर व्यवस्थापकांना पत्र द्या, असं कळलं. दिलं. व्यवस्थापक म्हणाले, हे माझ्या अखत्यारीत नाही, मुख्य कार्यालयातून आणा. मुख्य कार्यालय म्हणालं, हॉलचे अंतर्गत नियम व्यवस्थापक ठरवतात, आम्ही कशाला मध्ये पडू. मी म्हटलं, हेच लिहून द्या. तर लिहून द्यायला आधी अर्ज हवा. दिला. त्याची पोच घेतली, आवक क्रमांकासकट. (ही सवय लावून घ्या. पोच नसेल तर तुमचा कागद कधी आलाच नव्हता असं तुम्हालाच पटवून देतात.) पत्राचा विषय मी लिहिला होता ‘प्रयोगास येणाऱ्या लहान मुलांबाबत’. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं : बालनाट्यास लागू असलेल्या सवलतीच्या दरासाठी शाळेचे पत्र जोडावे.

मी ते उत्तर तालमीत वाचून दाखवलं. आशाताई म्हणाली, चला, निदान स्वस्तात तरी पडेल.

मला मात्र हसू येत नव्हतं. तारीख जवळ येत होती, डिपॉझिट अडकलेलं होतं आणि फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने आलं. पण ती सोय तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी. शेकडो खुर्च्या लावून प्रेक्षक बोलावणाऱ्याला तसलं काही बंधन नाही. काही जुन्या नाट्यगृहांत मागे काच लावलेली क्राय रूम असते, तान्ह्याला घेऊन तिथून नाटक बघता येतं. इथे तीही नव्हती. होती म्हणे पूर्वी, आता तिथे जुने स्पीकर आणि मोडक्या खुर्च्या.

शेवटी गाठ सुटली ती पत्राने नाही. पोळ्या करणारी आमची एक ताई माझ्याबरोबर आली होती. तिने व्यवस्थापकांना सरळ विचारलं, ‘साहेब, मुलं आली तर तुम्हाला नेमकी भीती कसली वाटते?’ ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, ‘खुर्च्यांची.’ मागे एका लग्नाच्या कार्यक्रमात कोणाच्या तरी मुलाने दोन खुर्च्यांवर उलटी केली होती आणि नवी कव्हरं मंजूर करून घेताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. म्हणजे आवाजाचा, शिस्तीचा, रंगभूमीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हताच. कव्हरांचा होता. मी इतके दिवस प्रतिष्ठेला उत्तरं लिहीत बसले होते.

मग अर्ध्या तासात ठरलं. शेवटच्या दोन रांगा दाराजवळच्या, तान्ही बाळं असलेल्यांसाठी, खुर्च्यांवर आमच्या चादरी. चालती-बोलती मुलं रंगपटाशेजारच्या तालमीच्या खोलीत. नुकसान झालं तर भरपाई आमची, असं हमीपत्र. ते स्टॅम्प पेपरवर मागितलं. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून थेट पाचशेचा, तेव्हा हा खर्च धरून चाला. शक्य असेल तर साध्या कागदावर चालेल का, हे आधी विचारा. आमच्याकडे विचारायचं त्राण उरलं नव्हतं.

खोलीत मुलं सांभाळायला तीन बाप आणि एक आजोबा. एक बाप रात्रपाळीचा, एक रिक्षावाला, त्याने तेवढा वेळ रिक्षा उभी ठेवली.

हो, वाराचं राहिलं. सगळे सांगतात रविवार घ्या. घेऊ नका. रविवारी घरचे सगळे घरात असतात, म्हणजे बाईचं काम दुप्पट. आम्ही आठवड्यातली दुपार घेतली, जेवणं उरकल्यावर आणि संध्याकाळच्या भाजीच्या आधी. भाडंही रविवारपेक्षा कमी पडतं. फक्त ज्या रोजंदारीवर आहेत त्यांचा खाडा होतो, तो गटाच्या पैशातून भरून द्या. ब्युरोवाल्या ताईला त्या दिवशी बदली बाई बघून द्यावी लागली आणि तिचे पैसे आम्ही दिले. नेपथ्याला तेवढे लागले नाहीत.

प्रयोग चांगला झाला. शेवटच्या प्रसंगात भाऊ बहिणीला म्हणतो, आईकडे तूच बघ, तुझं घर जवळ आहे. तिथे आम्ही थांबतो आणि प्रेक्षकांतून कोणीही वर येऊन पुढचं करायचं, असं ठेवलं होतं. नऊवारीतल्या एक आजी चढल्या, भावाच्या हातातला मोबाइल काढून घेतला, शनिवार-रविवार त्याच्या नावावर लावले आणि ‘औषधाची चिठ्ठी पाठ म्हणून दाखव’ म्हणाल्या. त्याला येईना. (आमची बाई, शर्ट घालून भाऊ झालेली, तिला खरंच येईना.) मागच्या दोन रांगांतून इतक्या टाळ्या आल्या की एक बाळ दचकून उठलं आणि त्याने पुढचे दोन संवाद खाल्ले. खुर्च्या कोरड्या राहिल्या.

हॉल ताब्यात घेताना आणि परत देताना खुर्च्यांचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. आम्ही काढले होते म्हणून बरं. डिपॉझिट अजून परत आलेलं नाही, एका खुर्चीच्या डागाबद्दल विचारणा झाली आहे. तो डाग आमच्या सकाळच्या फोटोतही आहे. फोटो जोडून पत्र दिलंय. पोच घेतली आहे.