पंपाचा वेग आम्ही वाढवला नाही

व्हीलचेअरवरून त्या रुग्णाला आत आणले तेव्हा कमरेच्या पट्ट्यावरील, हृदयातल्या पंपाच्या कंट्रोलरचा अलार्म सतत वाजत होता. दुबळ्या झालेल्या डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, आधार म्हणून दीड वर्षापूर्वी त्यांना हार्टमेट ३ हा पंप बसवला होता. ते पूर्ण शुद्धीवर होते. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढीच त्यांची तक्रार होती.

नव्याने रुजू झालेल्या माझ्या सहकाऱ्यांना मनगटात नाडी लागेना, म्हणून ते घाबरले. पण या पंपाचा रोटर चुंबकीय बलावर तरंगत अखंड फिरतो आणि रक्त महाधमनीत सलग ढकलतो, त्यामुळे अशा रुग्णांची नाडी बहुधा हाताला लागतच नाही. मी दंडाला पट्टा बांधून डॉप्लर या ध्वनिलहरींच्या यंत्राने धमनीचा आवाज ऐकला. एरवी ७० ते ९० च्या दरम्यान ठेवायचा रक्तदाब ५८ भरला. मॉनिटरवर प्रवाह मिनिटाला २.२ लिटर दिसत होता, तो २.५ च्या खाली गेला की अलार्म होतो.

"वेग वाढवू या का?" सहकाऱ्यांनी विचारले. मी त्यांना थांबवले. हा पंप, डावीकडे जेवढे रक्त पोहोचते तेवढेच पुढे पाठवू शकतो. जवनिका रिकामी असताना वेग वाढवला, तर तिची भिंत पंपाच्या तोंडाशी ओढली जाते, प्रवाह आणखी घटतो आणि हृदयाची लयही बिघडू शकते. मात्र रक्त डावीकडे का पोहोचत नाही, हे कळल्याशिवाय सलाईन लावणेही योग्य नव्हते, कारण रक्त डावीकडे पाठवणारी हृदयाची उजवी बाजूच थकलेली असती तर त्या पाण्याचा तिच्यावर भारच झाला असता. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावी जवनिका आक्रसलेली होती, उजवी मात्र फुगलेली नव्हती. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्याने आतड्यातील रक्तस्रावाची मला धास्ती होती, पण हिमोग्लोबिन पूर्वीइतकेच निघाले. मग त्यांच्या पत्नीने सांगितले, दोन दिवस जुलाब होत होते आणि लघवी वाढवणारी गोळी त्यांनी नेमाने चालू ठेवली होती.

२५० मिलिलिटर सलाईन दिले, पुन्हा इको पाहिला, आणखी तेवढेच दिले. अलार्म थांबला, प्रवाह ३.८ वर आला, दाब ७४ झाला. वेगाचा आकडा सकाळी होता तोच, मिनिटाला ५,४०० फेरे, राहिला.

जुलाब किंवा उलट्या झाल्यास गोळी घेण्याआधी फोन करावा, असे मी त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले. बॅटरी आणि पोटातून बाहेर येणाऱ्या पंपाच्या केबलच्या जखमेविषयीच्या सूचनांनी त्या वहीची कित्येक पाने भरली होती. ही एक ओळ लिहायची आमच्याकडून राहून गेली होती.