नॅलॉक्झोन दिल्यानंतरचा तास

मध्यरात्र उलटल्यावर एका तरुणाला त्याच्या मित्राने कॅज्युअल्टीत उचलून आणलं. ओठ निळे पडलेले, श्वास मिनिटाला जेमतेम चार. "काय घेतलंय?" विचारलं तर मित्राचा एकच धोशा, "काही नाही, चक्कर येऊन पडला." टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अंबू बॅगने श्वास देत नॅलॉक्झोन, म्हणजे अफूजन्य नशेवरचा उतारा, दिलं. काही मिनिटांत त्याने डोळे उघडले. हेरॉइन होतं, हे मित्राने मग कबूल केलं. दवाखान्यात न्यायचं की नाही यावरून मित्रामित्रांची बराच वेळ वादावादी झाली होती आणि बाकीचे पसार झाले होते. प्राणवायूवाचून मेंदूला काही मिनिटांत इजा होते. ती मिनिटं अटकेच्या धास्तीत गेली.

खरा घोर पुढेच होता. शुद्धीवर येताच हा सलाईन उपटून निघाला. नॅलॉक्झोनचा असर तासा-दीड तासात उतरतो, हेरॉइनचा त्यानंतरही राहू शकतो. म्हणजे वाटेतच पुन्हा श्वास मंदावायचा. "पोलीस येतील," एवढंच तो म्हणत होता. सिस्टरने त्याला गोडीगुलाबीने बसवलं. पहाटेच्या सुमारास दुसरा डोस द्यावाच लागला. तो गेला असता तर?

मी चिडूनच म्हटलं, स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं बंद करायला हवं. सिस्टरना ते पटलं नाही. "मोकळं सोडलंत तर उद्या दुप्पट पोरं येतील, मॅडम. त्यांच्या आया आमच्यापाशी रडतात."

मी पोर्तुगालचं सांगितलं. 2001 पासून तिथे साधारण दहा दिवस पुरेल एवढा स्वतःपुरता साठा हा फौजदारी गुन्हा नाही, विक्री मात्र गुन्हाच आहे. सापडलेल्याला कोर्टाऐवजी एका समितीपुढे नेतात आणि व्यसन जडलेलं असेल तर उपचारांकडे वळवतात. "आणि अमेरिकेतलं ते ओरेगॉन?" सिस्टरनी लगेच विचारलं. बरोबर होतं त्यांचं. तिथे 2020 मध्ये मतदारांनी स्वतःपुरतं बाळगण्यावरची फौजदारी शिक्षा काढून टाकली आणि 2024 मध्ये विधिमंडळाने बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं. मधल्या काळात हातात 100 डॉलर दंडाची पावती मिळायची, हेल्पलाइनला फोन केला की दंड माफ. फोन फारच थोड्यांनी केले आणि उपचारांसाठीचा पैसा केंद्रांपर्यंत उशिरा पोचला.

"आधी खाटा आणि समुपदेशक आणा, मग कायदा सैल करा," सिस्टर म्हणाल्या. खाटा हव्यातच, यात दुमत नाही. पण त्या येईपर्यंत मुलांनी दवाखान्याला घाबरत राहायचं, हे मला मान्य नाही. बेडी घालून व्यसन सुटलेला पेशंट माझ्या पाहण्यात नाही.

सकाळी त्याला ब्युप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे हेरॉइनची ओढ कमी करणाऱ्या औषधाच्या, उपचारांबद्दल सांगितलं आणि व्यसनमुक्ती विभागाची चिठ्ठी लिहायला घेतली. त्याने विचारलं, "नाव खरंच लिहावं लागतं का?"